आधी कान, मग कागद

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक असतं. जेवणं आटोपून मांडवात बसलेली माणसं उजाडल्यावरच उठतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातली ही झाडीपट्टी रंगभूमी. तिचं मुख्य ठाणं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे, तारखा ठरतात त्या इथेच. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला तिची जरा ओळख झाली.

नाटक पाहताना सगळ्यांचे डोळे नटांवर असतात. एकदा जरा खाली, रंगमंचाच्या पुढ्यात बघा. तिथे वादक बसलेले असतात: तबला, हल्ली ऑक्टोपॅड, आणि ऑर्गन. ऑर्गन कुठे पायाने भाता मारायचा जुना असतो, कुठे विजेवरचा कीबोर्ड. नाटकात गाणी येतच राहतात. कधी नट ठरल्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू करतो, कधी 'वन्स मोअर' मिळाला म्हणून तीच ओळ वेगळ्या वळणाने घेतो, कधी मध्येच थांबून संवाद म्हणतो आणि पुन्हा गाण्यात शिरतो. ऑर्गनवाला प्रत्येक वेळी त्याच्या सोबत असतो, कित्येकदा अर्धी मात्रा आधीच तिथे पोचलेला असतो. समोर उघडं पुस्तक नाही. असतं तरी उपयोग नव्हता, कारण पुढच्या क्षणी नट काय गाणार हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

शहरातल्या पियानोच्या शिकवणीत बहुतेक मुलांची सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून होते. आधी पाच रेघा, त्यांवरचे काळे ठिपके, कुठला ठिपका म्हणजे कुठली पट्टी याचं पाठांतर, आणि मग एकेक बोट. झाडीपट्टीतला वादक ठिपक्याच्या वाटेला न जाता रात्रभर वाजवतो. हे कसं जमतं? त्याच्या डोक्यात असं काय असतं, जे कागदावर नसतं?

सा हलतो, तेव्हा

पेटी काय, ऑर्गन काय किंवा पियानो काय, पट्ट्यांची मांडणी एकच. सात पांढऱ्या, पाच काळ्या, मिळून बारा. तेराव्या पट्टीवर तोच स्वर दुप्पट उंचीने परत. पियानोत अशा 88 पट्ट्या, साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42. आवाज निघायची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. पियानोत हातोडी तारेवर आपटते. पेटीत भात्यातली हवा पितळी रीडमधून जाते आणि रीड थरथरते. रीड लांब असेल तर स्वर खाली, आखूड असेल तर वर. पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ते पायाने चालवायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. आपल्याकडे बैठक जमिनीवरची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला हाताच्या भात्याची पेटी केलं. डावा हात भात्यावर गेला, उजवा एकटा पट्ट्यांवर राहिला. एका हाताने एक धून, हाच आपल्या संगीताचा मूळ ढंग. त्यामुळे परदेशी पेटी इथे रुजायला अडचण आली नाही.

आपल्या मंडळींनी पट्ट्यांना नावंही आपली दिली. पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी पाच. भजनाला बसल्यावर पेटीवाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कुठून गाणार? एखादा पुरुष काळी एकमधून गातो, एखादी बाई काळी चारमधून. म्हणजे 'सा' ही कुणाच्या मालकीची पट्टी नव्हे. गाणारा बदलला की सा हलतो, आणि त्याच्यामागून रे, ग, म, प सगळे हलतात.

आता गंमत बघा. पांढरी एकला सा धरून 'सारेगमप' वाजवलं तर बोटं सरळ पाच पांढऱ्यांवरून जातात. सा काळी एकवर न्या: आता काळी, काळी, पांढरी, काळी, काळी अशी बोटं पडतात. धून तीच, हाताचा आकार निराळा. पाच रेघांच्या कागदावर हा बदल लिहायचा तर सुरुवातीला पाच कोमल खुणा घालाव्या लागतात आणि प्रत्येक ठिपका नव्या जागी बसतो. वाचून शिकलेल्या नवख्याला ते दुसरंच गाणं वाटतं. कानाने शिकलेल्याला ते तेच गाणं असतं, कारण त्याने पट्ट्यांची नावं पाठ केलेलीच नसतात. त्याने अंतरं ओळखलेली असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये, कुठेही जा, कंपनसंख्येचं प्रमाण एकच असतं, सुमारे 1.0595 पट. बारा वेळा तेवढं चढलं की बरोबर दुप्पट. सगळी अंतरं सारखी असल्यामुळे कुठलीही धून कुठल्याही पट्टीवरून उचलता येते. एका रात्रीत आठ-दहा गळ्यांना साथ करणारा ऑर्गनवाला ही उचलाउचल सतत करत असतो, आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटतही नाही.

पाच काळ्या पट्ट्यांत पाच राग

घरात साधा खेळण्यातला कीबोर्ड असला तरी हा प्रयोग करता येईल. पांढऱ्या पट्ट्या विसरा. फक्त काळ्या वाजवायच्या. त्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत मांडलेल्या दिसतील. दोघांच्या जोडीतली पहिली म्हणजे काळी एक, दुसरी काळी दोन. तिघांच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच.

काळी तीनला सा माना. ती पट्टी कुणाला तरी दाबून धरायला सांगा, म्हणजे षड्जाचा, म्हणजेच सा या स्वराचा, धागा कानात राहील. तिच्यापासून वर काळ्याच पट्ट्या वाजवत जा. सा, रे, ग, प, ध, सा. हे भूपाचे स्वर. गाणं शिकायला बसलेल्या बऱ्याच जणांना आधी शिकवतात तो हा राग, आणि तो इथे एकही पांढरी पट्टी न लावता पडून आहे.

आता त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकवर. सा, रे, म, प, ध. हा दुर्गा. सा काळी दोनवर न्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी. काळी चारवर: सा, रे, म, प, कोमल नी, म्हणजे मधमाद सारंगाचे स्वर. आणि शेवटी काळी पाचला सा माना: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मध्यरात्रीचा मालकंस.

पट्ट्या त्याच पाच, स्वर तेच पाच. बदललं ते एकच: घर कुठलं मानायचं. सकाळच्या शाळेतल्या पोराने बडवलेल्या त्याच काळ्या पट्ट्यांत भूपाचा मोकळेपणा आहे आणि मालकंसाचं गांभीर्यही. आपल्या प्राचीन संगीतशास्त्रात सा असा हलवत नवे स्वरसमूह काढण्याला मूर्च्छना म्हणतात. नाट्यशास्त्रात ती सांगितलेली आहे, पण ती समजायला नाट्यशास्त्र वाचावं लागत नाही. पाच मिनिटं, पाच पट्ट्या आणि एक धरून ठेवलेला सा एवढं पुरतं.

जाणकार इथे हात वर करतील, आणि त्यांचं बरोबर आहे: स्वर म्हणजे राग नव्हे. रागाला चलन असतं, कुठे थांबायचं आणि कुठून वळायचं याचे संकेत असतात. भूपाचेच पाच स्वर देसकारही घेतो, पण तो ध वर रेंगाळतो आणि राग बदलतो. गंमत अशी की ही चालही आपण कानानेच शिकतो. स्वरलिपीत स्वर कुठला आणि किती मात्रांचा ते दाखवता येतं. तो कसा घ्यायचा, किती ओढायचा, किती सोडायचा, याचा फार थोडा भाग कागदावर उतरतो.

पेटीची खरी मर्यादाही इथेच आहे. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्याजवळ नाही, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, स्वर हळुवार झुलवणारं आंदोलन नाही. याच कारणासाठी ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. त्या तीन दशकांत रेडिओवर पेटी वाजली नाही. गावातल्या देवळात आणि नाटकाच्या मांडवात मात्र ती एक दिवसही थांबली नाही.

बोटांना ऐकू येतं

कानाने वाजवायला शिकताना मेंदूत काय होतं? जर्मनीतल्या हॅनोव्हर इथले मार्क बँगर्ट आणि एकार्ट आल्टेनम्युलर यांनी 2003 मध्ये याच प्रश्नावरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कधीही वाद्य न शिकलेली माणसं त्यांनी निवडली. त्यांना पियानोच्या पट्ट्यांवर बसवलं, पण स्वरलिपी दिली नाही, पट्ट्यांची नावं सांगितली नाहीत. संगणक एक धून ऐकवायचा आणि शिकणाऱ्याने ती शोधून वाजवायची, इतकंच. कुठलं बोट कुठे, हेही कुणी सांगायचं नाही. भजनाच्या कोपऱ्यात पोरगं पेटी शिकतं ती रीत आणि ही रीत जवळपास एकच.

सरावाच्या आधी आणि नंतर डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या हालचाली मोजल्या. एकदा नुसती धून ऐकवली, हात स्थिर ठेवून. एकदा आवाज बंद केलेल्या पट्ट्यांवर नुसती बोटं चालवायला सांगितली. अवघ्या वीस मिनिटांच्या सरावानंतर परिणाम दिसू लागला: ऐकण्याचा आणि बोटं हलवण्याचा भाग एकत्र जागे होऊ लागले होते. धून ऐकली की हाताचं नियंत्रण करणारा भाग चाळवायचा, मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरली की ऐकण्याचा भाग. पाच आठवड्यांच्या सरावानंतर ही जोड अधिक घट्ट झाली.

संशोधकांनी आणखी एक खुबी केली होती. दुसऱ्या गटाला दिलेल्या वाद्यावर पट्टी आणि स्वर यांची जोडी सारखी बदलत राहायची; आज या पट्टीवर सा, तर पुढच्या खेपेला त्याच पट्टीवर दुसराच स्वर. बोटं तेवढीच चालली, कानावर स्वर तेवढेच पडले, पण पहिल्या गटासारखी जोड त्यांच्यात तयार झाली नाही. म्हणजे मेंदूला नुसता व्यायाम नको असतो. इथे दाबलं की हे ऐकू येतं, ही खात्री हवी असते. पट्टीपासून स्वरापर्यंतचा नकाशा तो या खात्रीतून काढतो, आणि त्याची पहिली रेघ वीस मिनिटांत मारतो.

बोस्टनमध्ये अमीर लहाव, इलियट साल्ट्झमन आणि गॉटफ्रिड श्लाउग यांनी 2007 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. संगीत न शिकलेल्यांना त्यांनी पाच दिवसांत एक छोटी धून कानाने पियानोवर बसवायला लावली. मग स्कॅनरमध्ये निश्चल झोपवून तीच धून ऐकवली. हात हलत नसूनही हालचालींशी निगडित भाग उजळले, त्यात बोलण्याशी जोडलेलं ब्रोका क्षेत्रही होतं. दुसरी एक धून त्यांच्या कानाला तितकीच ओळखीची होती, पण ती त्यांनी कधी वाजवलेली नव्हती. ती ऐकताना हे जाळं तसं उजळलं नाही. नुसतं ऐकलेलं गाणं आणि हाताखालून गेलेलं गाणं मेंदूला दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

आता वडशाच्या ऑर्गनवाल्याकडे पुन्हा बघा. नट तान घ्यायला श्वास भरतो तेव्हा याच्या बोटांनी तयारी केलेली असते, ती या जाळ्याच्या बळावर. हजारो तासांच्या साथीने ते विणलेलं आहे. मधे डोळा आणि कागद यांचा थांबा नाही, म्हणून ते इतकं चपळ आहे.

भजनाच्या कोपऱ्यातली शाळा

हा वादक तयार कुठे होतो? या भागात त्याची पहिली शाळा बहुधा भजन मंडळाची असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–1968) अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, पण त्यांची तपोभूमी चिमूर तालुक्यातल्या गोंदेड्याची. त्यांचं शालेय शिक्षण प्राथमिकच, पण हातात खंजिरी आली की हजारोंचा समुदाय डोलायचा. 16 ऑगस्ट 1942 च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती आणि त्यासाठी त्यांना तुरुंगवासही झाला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या निमित्ताने सामुदायिक प्रार्थना आणि भजन विदर्भातल्या खेड्याखेड्यांत पोचलं. जिथे मंडळ, तिथे खंजिरी, टाळ आणि पेटी.

अशा मंडळात पोरगं येतं ते आईच्या नाहीतर आजोबांच्या मागून. आधी नुसतं बसतं. मग हाती टाळ येतात आणि ठेका अंगात मुरतो. मग कोरसमध्ये ओळ उचलू लागतं. कधीतरी पेटीवाले काका चहाला उठतात, पेटी मोकळी सापडते, आणि रोज गायलेल्या भजनाची पहिली ओळ बोटं शोधू लागतात. चुकीची पट्टी दाबली की ती चुकीची आहे हे सांगायला कुणी लागत नाही. अभंगाची चाल इतकी मुरलेली असते की कानच ओरडतो. चार चुकतात, पाचवी बसते. काका परत आले की एखादी बोटाची जागा दाखवतात. घडाघडा पाठ असलेलं गाणं शोधायचं असतं, म्हणून यात कंटाळा फिरकत नाही.

या मुलखाची बाकीची परंपराही अशीच. भामरागड-एटापल्लीकडचे माडिया रात्री फेर धरून रेला गातात, तेव्हा लहान मूल मोठ्यांच्या हाताला धरूनच पाऊल आणि सूर एकदम शिकतं. प्रधान समाजाचे गायक किंगरी छेडत गोंडांच्या कुळांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या मुखानेच सांभाळत आले. शिकणं म्हणजे सोबत बसणं, हा इथला धडा.

आणि ही रीत केवळ जंगलापुरती नव्हती. मराठी रंगभूमीवरचे थोर पेटीवादक गोविंदराव टेंबे (1881–1955) पेटी बरीचशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात त्यांच्या कानावर चांगलं गाणं पडलं. गायक भास्करबुवा बखले यांच्याकडे रीतसर तालीम झाली नसतानाही ते त्यांना गुरू मानत, कारण त्यांच्या साथीला बसून ऐकता ऐकता विद्या मिळाली. त्याच टेंब्यांनी पुढे 1911 साली 'मानापमान' या संगीत नाटकाला चाली दिल्या. पुण्यात 1880 मध्ये 'शाकुंतल'ने सुरू झालेली संगीत नाटकाची परंपरा शहरांत क्षीण झाली. झाडीपट्टीत तिकीट काढून रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक टिकला, आणि त्याच्यासोबत कानाने साथ करणारा वादकही.

मग कागद कशासाठी?

इथवर वाचून कुणी स्वरलिपीची पुस्तकं रद्दीत काढू नयेत. कागदाने जे केलं तेही थक्क करणारं आहे.

अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झो गावी ग्विदो नावाचा साधू चर्चमधल्या मुलांना गाणी शिकवत होता. गाणी शेकडो, सगळी मुखोद्गत करायची, त्यात उमेदीची दहा वर्षं जायची. ग्विदोने रेघांवर स्वर मांडायची पद्धत पक्की केली आणि दावा केला की आता हे काम एक-दोन वर्षांत होईल. त्याची मुलं कधीही न ऐकलेलं गाणं बघून गाऊ लागली. जे अजून कुणी गायलेलं नाही ते डोळ्यांना ऐकू यावं, हा चमत्कारच. पुढे युरोपात चार-चार, आठ-आठ स्वरांच्या ओळी एकाच वेळी चालू लागल्या. डावा हात एक सांगतो, उजवा दुसरं. एवढा गुंता एकट्या कानावर सांभाळणं कठीण, म्हणून तिथे कागद अपरिहार्य झाला. आपल्याकडे एक धून, एक आधारस्वर आणि एक ताल. आपला गुंता आडवा वाढला नाही, त्या एका ओळीच्या आत वाढला. आणि तो कागदापेक्षा गळ्यातून गळ्यात सोपा जातो.

तरी आपल्यालाही कागदाची गरज भासलीच. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी देशभर हिंडून घराण्यांच्या तिजोऱ्यांत अडकलेल्या शेकडो बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल: इतकी साधी लिपी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची लिपी वापरली. या दोघांनी लिहून ठेवलं नसतं, तर कित्येक बंदिशी त्यांच्या गायकांबरोबरच संपल्या असत्या.

पण भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदीश आजही वाचून नीट गाता येते ती कुणाला? ज्याने तो राग आधी ऐकलाय त्याला. कागद आठवण करून देतो. जे कानात कधी शिरलंच नाही त्याची आठवण तो कुठून देणार?

जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी (1898–1998) यांना क्रमाची ही गोष्ट लख्ख दिसली होती. त्यांचं म्हणणं असं की जपानी मूल जपानीसारखी अवघड भाषा सहज बोलतं, कारण ते आधी वर्षभर ऐकतं, मग बोलतं आणि अक्षरं त्यानंतर कितीतरी वर्षांनी गिरवतं. बोलता न येणाऱ्या मुलाच्या हाती कुणी अंकलिपी देत नाही. मग व्हायोलिन आणि पियानोच्याच वेळी आपण आधी अंकलिपी का काढतो? दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो शहरात त्यांनी सुरू केलेल्या शाळेत मुलं रोज धून ऐकत, आईसोबत वाजवत, आणि हात बसला की मगच वाचायला शिकत. ती पद्धत आज जगभर चालते. सुझुकींनी जे शास्त्र म्हणून मांडलं, ते आपल्या भजन मंडळात रीत म्हणून चालू होतं.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं. नुसत्या कानावर शिकलेल्याचेही तोटे आहेत. बोटांच्या चुकीच्या सवयी लवकर जडतात. अंगठा कसा खालून काढायचा हे कुणी न दाखवल्यास जलद तानेत हात अडखळतो. आपल्याच ओळखीच्या चालींत माणूस फिरत राहतो, कारण न ऐकलेलं त्याच्यापर्यंत पोचायची वाटच नसते. आणि सुझुकींच्या मुलांपैकी ज्यांचं वाचन फार लांबलं, त्यांना कागद जड जातो अशी तक्रार शिक्षक करत आलेच आहेत. तेव्हा वाद कान की कागद असा नाही. प्रश्न क्रमाचा आहे, आणि क्रमाच्या बाबतीत झाडीपट्टीचा मांडव, हॅनोव्हरची प्रयोगशाळा आणि मात्सुमोतोची शाळा एकच सांगतात: आधी ऐका, गुणगुणा, शोधा, वाजवा, मग वाचा.

घरातलं मूल कीबोर्डवर बोटं आपटत असेल, तर पहिले काही महिने पुस्तक आणू नका. त्याला जे गाणं तोंडपाठ आहे ते शोधू द्या, प्रार्थना असो, आरती असो किंवा सिनेमातलं. चुकलं की लगेच दुरुस्त करू नका, कानाला काम करू द्या. एक गाणं बसलं की म्हणा, आता हेच दुसऱ्या पट्टीवरून वाजव. पाचव्या-सहाव्या गाण्यानंतर त्यातलंच एक लिहून दाखवा. आपल्या बोटांना ठाऊक असलेली गोष्ट कागदावर दिसली की स्वरलिपी त्याला शिक्षा वाटणार नाही.

आणि ज्यांना लिहिता-वाचता येतं, अशा संगीताच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. झाडीपट्टीत दर हंगामात नवी नाटकं येतात, नव्या चाली बांधल्या जातात आणि हंगाम सरला की त्यातल्या बऱ्याच विरून जातात. कान आपलं काम इथे चोख करतो आहे. उणीव आहे ती कागदाची. हंगाम सरायच्या आत वडशाची गाडी पकडा, एखाद्या ऑर्गनवाल्यासोबत रात्रभर बसा, आणि त्याच्या परवानगीने, त्याच्या नावासह, त्या चाली लिहून घ्या.